कल्हईवाल्याच्या घरचा मासा

१

मेलेला मासा नूरबानोची ओढणी सोडत नव्हता.

निरोप मिळताच झुंबरबाई कथडा मोहल्ल्यातल्या त्या घरात शिरल्या तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. १९३७ सालचा जानेवारी सरत आला होता आणि नाशकात अशी थंडी पडली होती की गोदावरीवरून वाफ निघत होती. नूरबानो काचपेटीपुढं जमिनीवर बसली होती. मांडीवर वीतभर लांबीचा काळा मासा, अंगावर पांढुरके पट्टे, तोंडाभोवती मिशा. दोन्ही कुशींवरून बारीक आकड्यांची रांग गेलेली, आणि कल्ल्यांमागचे दोन करवती काटे ओढणीत असे रुतले होते की ओढावं तर कापडच फाटे.

"सोडत नाही मला," नूरबानो म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, त्याचंच झुंबरबाईंना भय वाटलं.

गोदावरीतल्या शिंगाळा माशाचे काटेही असेच जाळ्यात अडकून बसतात, हे त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई, मढ्याला भिणारी नव्हे. तरी कात्री चालवताना त्यांनी माशाच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही. ओढणीचा तुकडा माशाबरोबर गेला तशी नूरबानो आडवी झाली, आणि तिला पलंगावर नेऊन निजवावं लागलं.

हा मासा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन नदीचा. साऱ्या जिल्ह्यात असा दुसरा नव्हता. नूरबानो आणि इसाकभाई कल्हईवाले यांचा एकुलता मुलगा निसार जहाजाच्या भटारखान्यातल्या भांड्यांना कल्हई करायच्या नोकरीवर गेला होता. हांबुर्गच्या एका मासेवाल्याकडून त्यानं हा घेतला आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून ओळखीच्या खलाशाबरोबर घरी धाडला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हा पाहुणा गरम पाण्यातला आहे, त्याला थंडी लागू देऊ नका. संध्याकाळी बोलतो.' पाहुणा पोचला आणि पंधरा दिवसांनी तार आली. निसार न्यूमोनियानं गेला होता, आणि त्याला समुद्रातच दफन केलं होतं.

मासा खरंच बोलायचा. दिवेलागणीला घशातून घरघर काढायचा. निसारला लहानपणी बाळदमा होता, तेव्हा त्याच्या छातीतून अगदी अशीच घरघर यायची. झुंबरबाईंनी त्याला कितीदा शेक दिला होता. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून त्या घरी निघून गेल्या होत्या, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"कुणीतरी मारलंय त्याला," दारातून इसाकभाई म्हणाले. "काल रात्री मी स्वतः पेटीखालच्या चिमणीत घासलेट घातलं. दिवा अजून जळतोय. मग मरेल कसा?"

त्यांच्यामागून त्यांचा पुतण्या अन्सार पुढं झाला. त्यानं एक कागदाची पुडी जमिनीवर ठेवली.

"नवसागर आहे, चाचा. पाण्यात पडला की मासा मरतो. सुरय्याभाभीच्या कपड्यांच्या पेटीत सापडला."

२

सुरय्या म्हणजे निसारची विधवा. बावीस वर्षांची, येवल्याच्या विणकरांची लेक. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तीन वर्षांची जहिदा तिच्या पायांना मिठी मारून होती.

"चारच्या मोटारीनं तू येवल्याला जायचं," इसाकभाई तिच्याकडं न बघता म्हणाले. "जहिदा इथं राहील. निसारचं एवढंच उरलंय माझ्याकडं."

 सुरय्याचा पोरीच्या डोक्यावरचा हात घट्ट झाला. जहिदाचा जन्म झुंबरबाईंच्या हातचा होता. दोन दिवस अडलेली बाई आणि पायाळू पोर. इतक्या कष्टानं वाचवलेली मायलेकरं कुणी एका पुडीवरून तोडावीत, हे त्यांना मानवणारं नव्हतं.

"इसाकभाई, या पुडीला दोरा कुणी बांधलाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मीच बांधलाय. नूरबानोला घेरी येते म्हणून नवसागर आणि चुना हुंगवायला मीच सुरय्याला दिला. गाठ माझी आहे, इस्पितळातली. सोडलेली नाही. बघून घ्या."

इसाकभाईंनी पुडी उलटसुलट करून पाहिली. नवसागराशी त्यांचा जन्माचा संबंध. कल्हई करताना कथील भांड्याला धरावं म्हणून तोच तर लागतो. पुडी भरलेली होती, गाठ जुनी होती. पण माणूस एकदा कुणावर ठपका ठेवून बसला की ठपक्याला दुसरा खुंटा शोधतो.

"तिनं सगळ्यांदेखत म्हटलंय, हा मासा मेलेला बरा. विचारा तिला."

झुंबरबाई सुरय्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चुलीपाशी पाट ओढून बसल्या आणि मिश्रीची डबी काढली. घाईत असल्या की त्या हटकून मिश्री लावायच्या.

"म्हटलंस?"

"म्हटलं, मौसी." सुरय्याचा आवाज खाली गेला. "रोज मगरिबची नमाज झाली की अम्मी जहिदाला पेटीपुढं उभी करतात. 'अब्बाला सलाम कर' म्हणतात. पोर काचेला गाल लावते. तिकडून ते घरघरतं. परवा झोपेत ही पोर तशीच घरघरली. मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसले." तिनं ओठ आवळले. "आज ते मेलं म्हणून मला हलकं वाटलं. अल्ला माफ करो. पण मी मारलं नाही."

"सकाळी पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

"मी," सुरय्या म्हणाली. फार पटकन म्हणाली.

झुंबरबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. सुरय्याच्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत कोरड्या होत्या. नूरबानोच्या बाह्या मात्र कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या, हे त्यांनी पलंगावर निजवताना पाहिलं होतं. ही मुलगी कुणाला तरी पाठीशी घालत होती, आणि त्यासाठी स्वतःचं लेकरू गमवायलाही तयार होती.

"चारपर्यंत मला वेळ द्या," बाहेर येऊन त्यांनी इसाकभाईंना सांगितलं. "मासा कशानं मेला ते मी सांगते. मग तुमची मोटार आणि तुमचा न्याय."

३

काचपेटी बैठकीच्या कोपऱ्यात, पाटीच्या दगडाच्या तळावर बसवलेली होती. खाली घासलेटची चिमणी. तिच्या तांबूस उजेडात माशाची सावली भिंतीवर म्हशीएवढी होऊन फिरायची. आज पाणी रिकामं होतं, तरी झुंबरबाईंना भिंतीकडं पाठ करावीशी वाटेना.

त्यांनी तळाला हात लावला. दगड कोमट होता. म्हणजे थंडीनं मेला नव्हता. पाण्याला वास नव्हता. पाणी स्वच्छ होतं, आणि तेच त्यांना खटकलं. दिवाळीत त्या आल्या होत्या तेव्हा काचेवर हिरवं शेवाळ चढलं होतं आणि सुरय्या ते काथ्यानं घासत होती. आता काच लखलखीत. तळाशी लावलेल्या पाणवेलीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि रेतीत गोगलगायींचे रिकामे शंख पडले होते. झुंबरबाईंनी पदर खोचून सात-आठ वेचून काढले. एकातही जीव नव्हता.

दहाच्या सुमारास गोटीराम आला. तो मखमलाबादेकडचा फुलमळेवाला. मंडईत झेंडू-शेवंती घालून परतताना माशासाठी गांडुळं द्यायचा. मासा मेल्याचं ऐकून तो उंबऱ्यावरच टेकला.

"नर्सबाई, गांडुळं चांगली हुती. त्याच डब्यातली कोंबड्यांनी बी खाल्ली. येक बी मेली नाय."

"तुझ्यावर कुणी आळ घेतला नाही. मला एवढंच सांग, या गोगलगायी कधीपासून मरायला लागल्या?"

गोटीरामनं शंख तळहातावर घेऊन पाहिले. "लय दिस झाले. सुगड्यांच्या संक्रांतीच्या आदी आठ दिस मी सुरय्याबाईला दाखविलं हुतं, गोगली वर येईना म्हून. मग येल झडली. मग त्यो मासा येका जागी बसाया लागला."

म्हणजे कालची गोष्ट नव्हती. दोन-तीन आठवडे पाण्यात काहीतरी साचत होतं. झुंबरबाईंच्या मनात तारखा जुळू लागल्या. विष एकदम ओतलं असतं तर सगळे एका दिवसात गेले असते. इथं आधी शेवाळ गेलं, मग गोगलगायी, मग वेल, शेवटी मासा. नाजूक ते आधी.

"असं कशानं होतं रे? आधी गोगलगाय आणि मग मासा?"

 गोटीरामची नजर इसाकभाईंकडं गेली, मग दाराकडं. पळून जावं की काय असा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता.

"बोल," झुंबरबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं द्राक्षाच्या येलीवर मोरचूद मारत्यात. त्याचं पानी डबक्यात उतरलं की पयलं शेवाळ जातं, मग गोगली, मग मासळी उलटी व्हते. मानसाला काय व्हत नाय." त्यानं हात जोडले. "माझ्या खोपटात मोरचूद हाय, बाई. पर मुलाच्या गळ्याची आन, मी हितं आनला नाय."

इसाकभाई ताडकन उठले. झुंबरबाईंनी त्यांना हातानंच बसवलं. तीस वर्षांत खुपऱ्या झालेल्या किती डोळ्यांवरून त्यांनी मोरचुदाचा निळा खडा फिरवला होता. मोरचुदात काय असतं ते डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मोरचुदात तांबं असतं. आणि या घराचं तर सगळं आयुष्य तांब्यावर चाललं होतं.

४

"या घरात उघडं तांबं सापडायचं नाही," इसाकभाई म्हणाले. त्यांचा स्वर दुखावलेला होता. "हिंदूंच्या घरी पाण्याची कळशी लाल असते, आमच्यात नसते. कल्हईवाल्याच्या घरात तर नाहीच नाही. जा, बघून घ्या."

झुंबरबाईंनी खरंच बघून घेतलं. हंडा, पातेली, देगची, तसराळं, बदना, अगदी जहिदाचा खेळण्यातला टोप. बाहेरून तांबूस, आतून एकजात चांदीसारखं पांढरं. एका भांड्यावरसुद्धा कल्हई उडालेली नव्हती. माशाच्या पेटीत सुरय्या रोज ज्या हंडीनं पाणी भरायची, ती तर महिन्यापूर्वीच चमकवलेली होती.

"रोज पाणी घालतेस म्हणजे जुनं काढून?" त्यांनी सुरय्याला विचारलं.

"नाही, मौसी. खालच्या दिव्यानं पाणी उडतं. जेवढं कमी होईल तेवढंच वरून घालते. त्यांच्या चिठ्ठीत होतं, सगळं पाणी बदलू नका."

झुंबरबाईंनी मान डोलावली आणि अन्सारला अंगणात गाठलं. तो नखं कुरतडत होता.

"भावजयीची पेटी का धुंडाळलीस?"

"चाचांनी सांगितलं."

"चाचांना सुचवलं कुणी?"

अन्सारची मान खाली गेली. मग कोंडलेलं सगळं बाहेर आलं. त्यानं सुरय्याला निकाहाचं विचारलं होतं आणि तिनं नकार दिला होता. तो राग होता. पण मासा त्यानं मारला नव्हता. मुंबईच्या एका शौकीन पारश्याशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता. बैठकीमागच्या खोलीतून त्यानं पत्रंही आणून दाखवली. त्या माणसाला मासा हवा होता, जिवंत. मेलेल्या माशाचं अन्सारला काही मिळणार नव्हतं.

"तू बैठकीमागंच झोपतोस. पहाटे पेटीपाशी कुणी येतं?"

"रोज येतं. फजरच्या आधी." अन्सारनं आवंढा गिळला. "बोलण्याचा आवाज येतो, बाई. मी तोंडावर गोधडी घेतो. मला वाटतं, तोच बोलतो."

"मासे शब्द बोलत नाहीत. बाईमाणसाचा आवाज होता ना?"

अन्सारनं नजर चुकवून मान डोलावली. दुपारची बांग झाली होती. सुरय्या निजघरात जहिदाचे कपडे आपल्या गाठोड्यातून काढून परत फळीवर ठेवत होती, एकेक घडी मोडून पुन्हा करत. झुंबरबाईंना ते बघवेना. त्या नूरबानोच्या पलंगाशी जाऊन बसल्या आणि नाडी बघायला तिचा हात हातात घेतला.

हाताला लिंबाचा वास येत होता. नखांच्या कडांना बारीक हिरवी रेघ होती.

झुंबरबाईंनी मान वर केली. पलंगाच्या उशाशी भिंतीत कोनाडा होता, त्यावर पडदा. त्यांनी तो बाजूला केला. आत पिळलेल्या लिंबांची साल वाळत पडली होती. शेजारी रुमालानं झाकलेला एक कटोरा, काठोकाठ भरलेला.

त्यांनी रुमाल काढला. कटोरा आतून लाल होता.

५

कटोऱ्याच्या आत तळापासून काठापर्यंत अरबी अक्षरं कोरलेली होती. पाण्याला निळसर हिरवी झाक आली होती.

"आजचा राहिला," नूरबानो डोळे न उघडता म्हणाली. "चाळिसावा. आज ओतला असता तर तो बरा झाला असता."

"नूरबानो, नीट सांग मला."

"ईदनंतर त्याचा आवाज बसला. घरघर क्षीण झाली. लहानपणी थंडीत त्याचं असंच व्हायचं, तुला आठवतं ना, झुंबर?" तिनं झुंबरबाईंचा हात धरला. "हा शिफाचा कटोरा, दुखणं उतरवणारा, माझ्या सासऱ्यांचा. यातलं पाणी पाजून निसारला आठव्या वर्षी उतार पडला होता. मी चाळीस दिवसांचा नेम धरला. रात्री पाणी भरून ठेवायचं, नजर उतरावी म्हणून वर लिंबू पिळायचं. पहाटे कुणी उठायच्या आत त्याला द्यायचं. रोज त्याच्याशी बोलत होते. म्हणायचे, आज दहावा, आज विसावा. यांना सांगितलं नाही. हे म्हणाले असते, मासा म्हणजे मासा."

 झुंबरबाईंना सगळं लख्ख दिसत होतं आणि ते दिसू नये असं वाटत होतं. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे नाशकातली शेंबडी पोरही सांगेल. लिंबाचं पाणी रात्रभर उघड्या तांब्यात राहिलं. एक कटोरा माणसानं प्यायला असता तर तोंड कडू होण्यापलीकडं काही झालं नसतं. पण पेटीत रोज एक कटोरा पडत होता. दिव्यानं पाणी उडून जायचं, तांबं उडून जात नव्हतं. एकोणचाळीस दिवस ते तिथंच साठत राहिलं. आईनं लेकराला औषध म्हणून पाजावं आणि तेच त्याच्या जिवावर उठावं, असं झालं होतं.

मागं पाऊल वाजलं. दारात सुरय्या उभी होती. कटोऱ्याकडं, मग झुंबरबाईंच्या चेहऱ्याकडं बघता बघता तिचा रंग उडाला. तिनं खुणेनं त्यांना बाहेर बोलावलं.

"पाण्यानं मेलं का ते?"

"हो."

"मला एवढंच माहीत होतं की त्या कटोरा ओततात. माझ्याकडून कसम घेतली होती, अब्बांना सांगायचं नाही म्हणून. सकाळी मी आले तेव्हा त्या मासा मांडीवर घेऊन बसल्या होत्या." ती भिंत धरून खाली बसली. "मौसी, त्यांना सांगू नका. एकदा मुलगा गेला. तो आपल्या हातानं पुन्हा गेला असं कळलं तर त्या राहायच्या नाहीत."

"आणि जहिदा?"

 आतून जहिदा बाहुलीशी काहीतरी बोलत होती, ते दोघी ऐकत राहिल्या.

"मी जाते येवल्याला," शेवटी सुरय्या म्हणाली.

झुंबरबाईंनी आयुष्यात पुष्कळ बाळंतिणी पाहिल्या होत्या, मरणाशी झुंजणाऱ्याही. एवढी धीराची पाहिली नव्हती. त्यांना रडू आलं आणि रागही आला. अडीच वाजून गेले होते. त्यांनी कटोऱ्यातलं पाणी अंगणात ओतलं, कटोरा पदराखाली घेतला आणि घराबाहेर पडल्या.

६

तांबट आळीच्या तोंडाशी इसाकभाईंचं दुकान. भट्टी विझत आली होती. ते एकटेच भात्याशी बसले होते, समोर काम पडून होतं.

झुंबरबाईंनी कटोरा त्यांच्यापुढं ठेवला.

"याला कल्हई का नाही केली, इसाकभाई?"

"याला?" त्यांनी कटोरा हातात घेतला, अंगठा अक्षरांवरून फिरवला. "याला कशी करायची? कथील चढलं की अक्षरं बुजतील. वालिदांनी सांगितलं होतं, घरातलं एवढं एक भांडं लाल राहू दे. पण यात कुणी काही ठेवत नाही. निसार लहान होता तेव्हा..."

ते थांबले. अंगठ्याला हिरवं लागलं होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

 चाळीस वर्षं ज्यानं दारोदार सांगितलं की बाई, कल्हई करून घ्या, आंबट कळकेल, लेकरांना विष होईल, त्या माणसाला उलगडून सांगण्यासारखं उरलं काय होतं? झुंबरबाई एवढंच म्हणाल्या, "ईदनंतर रोज एक. लिंबू पिळून. वरचं पाणी दिव्यानं उडत होतं."

इसाकभाईंनी कटोरा खाली ठेवला. मोठ्या माणसाला रडताना पाहू नये म्हणून झुंबरबाई रस्त्याकडं बघत राहिल्या. समोर तांबटाची हातोडी ठोके घालत होती, तेवढाच आवाज होता.

"नूरबानोला कळलंय?"

"नाही. सुरय्याला कळलंय. ती जाते म्हणते, पोर सोडून. तुमच्या बायकोला कळू नये म्हणून."

 इसाकभाईंनी फडक्यानं हात पुसले आणि ते उठले. 

घरी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. सुरय्या बुरखा घालून, गाठोडं घेऊन बैठकीत उभी होती. अन्सारनं टांगा आणला होता. नूरबानो पलंगावर उठून बसली होती आणि उघड्या दारातून तिला रिकामी पेटी दिसत होती.

इसाकभाई थेट पलंगापाशी गेले. या माणसाची ख्याती अशी की खोटं बोलून कधी गिऱ्हाईक ठेवलं नाही. कथील कमी पडलं तर आपणहून सांगायचे.

"नूर, सुरय्यानं काही केलं नाही. माझ्याकडून झालं," ते म्हणाले. "काल दुकानातून आलो, हाताला नवसागर होता. हात न धुता पाण्यात घातला. त्याला हात लावला."

झुंबरबाई पुढं सरकल्या. आता नूरबानो किंचाळेल, कपाळ बडवून घेईल, जन्मभर या माणसाचं तोंड पाहणार नाही. इसाकभाईही त्याच तयारीनं मान खाली घालून उभे होते.

नूरबानो त्यांच्याकडं बघत राहिली. वर्ष होत आलं होतं मासा घरात येऊन. एवढ्या दिवसांत हा माणूस पेटीत एकदाही डोकावला नव्हता. रोज घासलेट घालायचा, तेसुद्धा तोंड फिरवून. संध्याकाळी घरघर सुरू झाली की टोपी घालून बाहेर पडायचा.

"तुम्ही त्याला हात लावलात?" ती हळूच म्हणाली.

"लावला."

"बोलला तुमच्याशी?"

असा प्रश्न येईल हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. इसाकभाईंचे ओठ हलले. झुंबरबाईंना वाटलं, आता हे खरं सांगून टाकतील, यांना एवढं खोटं पेलायचं नाही. बाहेर टांग्याच्या घोड्यानं पाय आपटला.

"बोलला," इसाकभाई म्हणाले.

"काय म्हणाला?"

त्यांनी वळून सुरय्याकडं पाहिलं. सबंध दिवसात पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या काखेतलं गाठोडं, आणि बुरख्याचं टोक मुठीत धरून उभी असलेली जहिदा.

"म्हणाला, अब्बा, सुरय्याला कुठं पाठवू नका. माझं लेकरू तिच्यापाशी राहू द्या."

नूरबानोनं डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, पण सकाळचं ते भलतंच शांतपण तिच्या तोंडावरून गेलं होतं. ती आता कुठल्याही म्हाताऱ्या, मुलगा गेलेल्या बाईसारखी रडत होती.

"ठेव ते गाठोडं," ती सुरय्याला म्हणाली. "पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही."

अन्सार टांगेवाल्याला परत पाठवायला गेला. सुरय्यानं बुरखा काढला आणि चूल पेटवायला आत गेली. झुंबरबाईंनी चपला घातल्या. इसाकभाई अजून पलंगापाशीच उभे होते. नूरबानोनं त्यांचा हात ओढून त्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, आवाज कसा होता, खोकला होता का, आणखी काय म्हणाला. आणि इसाकभाई थांबत थांबत एकेक सांगू लागले.